खुर्च्या कोण उचलतं?



मध्यंतरी रहाटणीला बहिणीकडे गेलो होतो. चहा पुढ्यात ठेवत ती म्हणाली, "भाईजान, भाच्याला जरा समजवा."

भाचा अकरावीत. गल्लीतल्या एका मंडळानं त्याला उपाध्यक्ष करायचं ठरवलं होतं. चौकातल्या फ्लेक्सवर फोटो लागणार होता. "मामू, लीडरशिप शिकायला मिळेल," तो म्हणाला.

बहिणीची काळजी वेगळीच. सकाळी काळेवाडी फाट्यावर उभं राहिलं की ती समजते. डबा घेऊन कामावर निघालेली शेकडो माणसं तिथं दिसतात. या पट्ट्यात पोरगं शिकतं ते नोकरीसाठी, आणि नोकरीच्या वेळी पोलिसांची चारित्र्य पडताळणी आडवी येऊ शकते. कुठल्या भांडणात एकदा नाव आलं की संपलं. "आणि आपलं नाव तर आधी लिहितात," ती हळूच म्हणाली. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तरी मी 'जाऊ नकोस' म्हणालो नाही. सोळाव्या वर्षी अडवलेला मुलगा बाहेर पडतोच, फक्त सांगून पडत नाही. मी त्याला तीन प्रश्न विचारले. वर्गणीचा हिशेब कुठे लावतात? कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या कोण उचलतं? आणि एखादी गोष्ट पटली नाही, तर तुला 'नाही' म्हणता येईल का?

हिशेबाचं त्याला ठाऊक नव्हतं. खुर्च्यांचं पटकन सांगितलं, "आम्ही पोरंच उचलतो. मोठे निघून जातात." तिसऱ्या प्रश्नावर तो गप्प बसला.

हे प्रश्न माझे नव्हेत, मी ते राष्ट्र सेवा दलात शिकलो. ४ जून १९४१ रोजी ही संघटना नव्यानं उभी राहिली आणि एस. एम. जोशी तिचे पहिले दलप्रमुख झाले. मुलामुलींची एकत्र शाखा, खेळ, गाणी, चर्चा आणि श्रमदान अशी तिची रीत. मी भाच्याएवढा असताना शिबिराला गेलो, तेव्हा पहिल्या दिवशी ताटं धुणाऱ्या तुकडीत होतो. दुसऱ्या दिवशी त्याच तुकडीचा प्रमुख झालो. हात पुसून बाजूला उभा राहिलो, तर ताई म्हणाल्या, "प्रमुख झालास म्हणून ताटं संपली का?" नेतृत्वाचा एवढा एकच धडा मला आजवर पुरला. १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारे हमीद दलवाई तरुणपणी याच सेवा दलाच्या सहवासात आले होते. आपल्याच माणसांना न पटणारं बोलण्याचं धैर्य फ्लेक्सवरच्या फोटोनं येत नसतं.

म्हणून मंडळं वाईट, असं मी म्हणणार नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये पवनेचं पाणी नदीकाठच्या वस्त्यांत शिरलं, तेव्हा माझ्या ओळखीच्या एका घरातलं सामान वर चढवायला मंडळाचीच पोरं धावली होती. त्यांनी कुणाची जात विचारली नाही, धर्मही नाही. प्रश्न नावाचा नाही, सवयीचा आहे.

भाच्याच्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, सुरू झालेली. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि एखाद्या गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. तिथं फोटो लागत नाही, हजेरी लागते. मी त्याला म्हटलं, "दोन्हीकडे बघ आणि तूच ठरव."

त्यानं मंडळात जाऊन हिशेबाची वही मागितली. काही जण हसले. उपाध्यक्षपद दुसऱ्याला गेलं. भाच्यानं सेवा योजनेत नाव घातलं. मंडळाच्या कार्यक्रमालाही तो जातो आणि शेवटपर्यंत थांबून खुर्च्या उचलतो.

परवा बहिणीचा फोन आला. काळजी संपलेली नाही, म्हणाली. पण शिबिराहून आल्यापासून पोरगा जेवल्यावर आपलं ताट आपण धुतो.

आपल्या मुलासाठी संघटना निवडताना, श्रोतेहो, व्यासपीठावर कोण बसतं ते पाहू नका. कार्यक्रम संपेपर्यंत थांबा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)