आधी सायनसची पारख, मग हाडाची भर
(वार्षिक सभेतील भाषण)



“दात बसवायला आलो, आणि तुम्ही नाक का तपासता?” हा प्रश्न आम्हांस अनेकदा ऐकावा लागतो. आज त्याचेच उत्तर देऊ इच्छितो.

वरच्या दाढांच्या मुळांलगत, गालाच्या आत हवेची एक पोकळी असते, तोच सायनस. इंग्रज वैद्य नॅथॅनिएल हायमोर यांनी १६५१ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. दाढ काढल्यावर तेथील हाड झिजते आणि पोकळी खाली उतरते. दंतरोपणास हाड अपुरे पडले, तर सायनसचे अस्तर अलगद उचलून त्याखाली हाडाची भर घालतात. अमेरिकेत डॉ. हिल्ट टेटम यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत विकसित केली.

हे अस्तर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचे. तेथे पू साचला असेल, किंवा नाकात उघडणारी निचऱ्याची वाट बुजली असेल, तर घातलेल्या भरीत जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून आम्ही विचारतो : सर्दी वारंवार होते का? एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येतो का? नाकाची शस्त्रक्रिया झाली आहे का? विडी-सिगारेटची सवय आहे का? कांदाचाळीच्या धुळीत काम करणाऱ्यांनी “एवढी सर्दी चालायचीच” म्हणून ती लपवू नये.

त्यानंतर कोन बीम सीटी. अस्तर थोडे जाड दिसले म्हणजे आजारच, असे नव्हे. मात्र शंका असल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांचे मत घ्यावे लागते. कित्येकदा मूळ दोष किडलेल्या दाढेतच सापडतो. आधी त्यावर उपचार, मग पुन्हा तपासणी, आणि त्यानंतरच भर. काहींना तर भरीऐवजी साधी कवळीच हितावह ठरते.

कळवण परिसरातील पाड्यांवरून येणाऱ्या कुटुंबास आणखी एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु बिघडलेली भर काढावी लागली, तर खेपा, पैसा आणि धीर या तिन्हींची हानी होते.

देणगीदारांस एवढीच विनंती : अहवालात पार पडलेल्या शस्त्रक्रिया मोजल्या जातात; योग्य कारणाने पुढे ढकललेली शस्त्रक्रियाही रुग्णसेवाच मानावी.