अडकित्ता : व्यसन सोडू, वारसा राखू

(व्याख्यानाचा संपादित अंश)



अक्रोडाचे कवच फोडले की काम संपते. सुपारीचे तसे नाही; ती टणक, आणि तिची खांडे कापून काढावी लागतात. म्हणून अडकित्त्याला धार आली. दोन दांडे एका टोकाला खिळीने जोडलेले. वरच्याला पोलादी पाते, खालच्यावर सुपारीचा आधार. सुपारी खिळीजवळ, हाताचा जोर दूरच्या टोकावर. हा तरफेचा नियम आमच्या कारागिराच्या हातात मुरलेला होता.

पण तो उपयुक्ततेवर थांबला नाही. पितळेच्या दांड्यांतून त्याने मोर, पोपट, घोडेस्वार, युगुले घडविली. गुजरातेत यालाच सूडी म्हणतात. जामनगरची सूडी प्रसिद्ध आहे. हिंदी भाषकांचा तो सरौता, तर सागरापलीकडे मलय भाषेत काचिप. जिथे जिथे तांबूल, तिथे तिथे हे हत्यार पोहोचले.

आपल्याकडे तो श्रीमंताच्या तबकात होता, तसाच शेतकऱ्याच्या चंचीतही. पानसुपारीवाचून पाहुणचार अपुरा मानला जाई. विवाह ठरला की आपण आजही ‘सुपारी फुटली’ म्हणतो. पेचात सापडलेला माणूस ‘अडकित्त्यात सापडतो’. वस्तू हातातून गेली, तरी भाषेत ती जिवंत आहे.

मात्र सत्याकडे डोळेझाक नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, तंबाखूविनाही सुपारी कर्करोगकारक ठरली आहे. परंपरेच्या अभिमानापोटी सवयीचे समर्थन करता येणार नाही. सुपारी खाणे सोडावेच. परंतु अडकित्ता मोडीत घालू नये.

पुण्याचे दिनकर केळकर यांनी हा विवेक दाखविला. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातील भांडी अशा साध्या घरगुती वस्तू त्यांनी आयुष्यभर जमविल्या, अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावे संग्रहालय उभारले आणि तो सारा ठेवा महाराष्ट्र शासनाला अर्पण केला. राजवाड्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ असतात. घराचा इतिहास घरानेच जपायचा असतो.

आज जुने पितळ वजनावर विकले जाते. त्या काट्यावर कारागिराचे कसब आणि आजीच्या हाताचा स्पर्श यांचे वजन शून्य भरते. आपल्या माळ्यावरील पेटीत एखादा अडकित्ता असेल, तर तो काढा, पुसा. कोणाचा होता, कोठून आला, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी त्याच्यासोबत ठेवा. सांगणारी माणसे आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.