कुटुंबाची बचत आणि ठेवीची सुरक्षितता



दुकानाचा रोजमेळ पै-पैने जुळविल्याशिवाय रात्री न झोपणारा गृहस्थ घरखर्चाचा आकडा विचारला असता मात्र अंदाजानेच उत्तर देतो, असे अनेक घरांत दिसते. व्यापारात नोंद आणि संसारात अंदाज ही विभागणी केव्हा रूढ झाली कोण जाणे. परंतु बचतीच्या विषयाचा प्रारंभ येथूनच करावा लागतो. जो खर्च लिहिलेलाच नाही, त्यातून काय उरू शकले असते हे कळावे कसे? त्यासाठी तीन महिने साध्या वहीत दूध, किराणा, गॅस, शाळा, औषधे, प्रवास अशी सदरे मांडून खर्च लिहिणे पुरेसे आहे. तीन महिन्यांच्या अखेरीस 'आहेर व येणे-जाणे' या सदराखालील बेरीज पाहून बहुतेक घरांत क्षणभर शांतता पसरते.

सांगली-कोल्हापूरकडील शेतकरी कुटुंबांचा प्रश्न थोडा निराळा आहे. नोकरदाराचे उत्पन्न दरमहा येते. उसाचे बिल मात्र हंगामात, कधी एकरकमी तर कधी हप्त्यांनी जमा होते आणि त्यातून विकास सोसायटीचे पीककर्ज आधीच वळते झालेले असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत दर मिळावयास हवा. तो नेहमीच त्या मुदतीत मिळतो असे नाही. अशा कुटुंबाने बिल जमा झाल्याबरोबर त्याचे तीन भाग पाडावेत : पुढील लागणीचा व खतांचा खर्च, पुढील बिलापर्यंतचा घरखर्च आणि उरलेली शिल्लक. घरखर्चाचा भाग एकाच खात्यात मोकळा न ठेवता तीन, पाच, सात महिन्यांच्या लहान लहान मुदत ठेवींत विभागला, तर दर दोन महिन्यांनी एक रक्कम हाती येत राहते आणि एखाद्या लग्नसराईत ती एकदम संपत नाही. ज्यांना हे साधत नाही, त्यांना श्रावण-भाद्रपदात शेकडा तीन रुपयांनी हातउसने घ्यावे लागते. दरमहा शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. कोणतीही सुरक्षित ठेव एवढे व्याज देत नाही. म्हणून असे कर्ज डोक्यावर असताना गुंतवणुकीचा विचार करणे व्यर्थ होय. ते फेडणे हीच त्या घराची सर्वांत लाभदायक गुंतवणूक ठरते.

कर्ज फिटल्यानंतर सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम आजारपण वा अडीअडचणीसाठी सहज काढता येईल अशी ठेवावी. कमावत्या व्यक्तीचा निव्वळ मुदतीचा आयुर्विमा आणि सर्वांचा आरोग्यविमा या गोष्टींचाही क्रम येथेच लागतो. विमा संरक्षणासाठी असतो. त्यातून भरघोस परतावा मिळेल ही अपेक्षा ठेवल्यास बहुधा संरक्षणही अपुरे पडते आणि परतावाही.

यानंतर प्रश्न येतो वाढीचा. ७२ या संख्येला व्याजदराने भागले की रक्कम दुप्पट होण्यास लागणारी वर्षे ढोबळमानाने मिळतात. ६ टक्क्यांनी १२ वर्षे, ८ टक्क्यांनी ९ वर्षे. हाच हिशेब महागाईलाही लागू पडतो, हे विसरून चालत नाही. महागाई ६ टक्के राहिली तर आज १०० रुपयांत येणाऱ्या किराण्यास १२ वर्षांनी २०० रुपये मोजावे लागतील. कपाटातील डब्यात जपलेली नोट तेवढीच राहते, तिची खरेदीची शक्ती मात्र निम्मी होते. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत गृहिणींचे असे अनेक डबे अकस्मात उघडावे लागले होते.

१९६८ साली सुरू झालेली सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी योजना, म्हणजेच पीपीएफ, मध्यमवर्गीयांना परिचित आहे. वर्षाला किमान ५०० रुपये आणि कमाल दीड लाख रुपये, मुदत १५ वर्षे. एकेकाळी तिचा दर १२ टक्के होता. एप्रिल २०२० पासून तो ७.१ टक्क्यांवर आला. सरकार दर तिमाहीस त्याचा आढावा घेते. याच दराने दर वर्षाच्या आरंभी १२ हजार रुपये भरत गेल्यास १५ वर्षांत १ लाख ८० हजार रुपये भरले जातात आणि हाती सुमारे ३ लाख २५ हजार येतात. महिन्याच्या ५ तारखेनंतरची शिल्लक आणि महिनाअखेरची शिल्लक यांतील किमान रकमेवर व्याज मिळते. म्हणून पैसे ५ तारखेच्या आत भरावेत. दहा वर्षांखालील मुलीसाठी २०१५ पासूनची सुकन्या समृद्धी योजनाही विचारात घ्यावी.

परंतु आपल्या भागात खरी चिंता व्याजदराची नसून मुद्दलाची आहे. अर्धा-एक टक्का जास्त मिळतो आणि संचालक ओळखीचे असतात, एवढ्या आधारावर आयुष्यभराची पुंजी एकाच ठिकाणी ठेवण्याची प्रथा आहे. ओळख हा चांगुलपणाचा पुरावा असेल, ताळेबंदाचा नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा प्रारंभी ठेवीदारांना केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. त्यांत निवृत्तिवेतनधारक होते, उपचारासाठी पैसे हवे असलेले रुग्ण होते.

बँकेतील ठेवींना विम्याचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ते १ लाख रुपये होते, त्या दिवसापासून ५ लाख झाले. ही मर्यादा मुद्दल व व्याज मिळून, प्रत्येक ठेवीदारास प्रत्येक बँकेत एकच असते. एकाच बँकेच्या तीन शाखांत ठेवी विभागल्याने संरक्षण तिप्पट होत नाही. दोन निरनिराळ्या बँकांत विभागल्यास मात्र दुप्पट होते. पतीच्या आणि पत्नीच्या स्वतंत्र नावावरील ठेवी वेगळ्या धरल्या जातात. २०२१ च्या दुरुस्तीनुसार निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आहे.

पतसंस्था ही बँक नव्हे, हे स्पष्टपणे सांगणे अगत्याचे आहे. तेथील ठेवींना हा विमा लागू नाही. पतसंस्थांनी लहान माणसाला उभे केले, हे कोणी नाकारणार नाही. तरीही तेथे ठेवावयाची रक्कम आपल्या पुंजीचा लहान हिस्साच असावी आणि वार्षिक अहवालातील थकबाकीचा आकडा वाचल्याशिवाय मुदत वाढवू नये. दरमहा पाच टक्के देऊ म्हणणाऱ्यांविषयी तर बोलावयासच नको. अशा अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे.

सोन्याचे दागिने हौसेसाठी जरूर घ्यावेत. मजुरी आणि मोडताना होणारी घट यांमुळे त्यांना गुंतवणूक म्हणणे मात्र धाडसाचे. हॉलमार्क पाहूनच खरेदी करावी, हे ओघाने आलेच.

शेअर बाजाराशी संबंधित म्युच्युअल फंडांत दरमहा थोडी रक्कम घालण्याची पद्धत आता गावोगावी पोहोचली आहे. ज्या पैशांची दहा वर्षे गरज नाही तेच तेथे जावेत. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८ हजारांच्या घरात उतरला आणि पुन्हा त्या उंचीजवळ येण्यास नोव्हेंबर २०१० उजाडले. मधल्या काळात मुलीच्या लग्नासाठी पैसे काढावे लागले असतील त्यांचे नुकसान कायमचे झाले, थांबू शकले त्यांचे नाही.

शेवटचा विषय कागदपत्रांचा. कर्त्या पुरुषाचे अकस्मात निधन झाल्यावर कोणत्या बँकेत खाते आहे, विम्याचा हप्ता कुठे भरला जात होता, कोणाला पैसे उसने दिले आहेत, हे पत्नीस ठाऊक नसलेली घरे थोडी नाहीत. खाती, ठेवी, विमा, देणी-घेणी यांची एक वही करून तिची जागा पत्नीला व एका मुलाला दाखवून ठेवावी. बँकेत जाताना पत्नीसही सोबत न्यावे, म्हणजे तेथील व्यवहार तिला परका राहत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यास चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. मात्र नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते, मालक नव्हे; यास्तव मृत्युपत्रही करून ठेवणे उचित. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत वर्ग होतात. तरीही वारसांचा हक्क संपत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'उद्गम' या संकेतस्थळावर वडिलांचे वा आजोबांचे नाव घालून अशा ठेवीचा शोध घेता येतो आणि संबंधित बँकेकडे कागदपत्रांसह मागणी करता येते.