सरकार पडणं आणि सरकार बंद पडणं



आपल्या एका श्रोता मैत्रिणीने केंद्रावर प्रश्न पाठवला आहे. तिची भाची अमेरिकेत असते. २०२५ च्या दिवाळीत भाची फोनवर म्हणाली, "मावशी, इथे सध्या सरकारच बंद आहे." मैत्रीण विचारते, सरकार पडतं हे आम्ही ऐकलंय, पण सरकार बंद पडतं म्हणजे काय? आणि एवढ्या श्रीमंत देशातले पुढारी ते बंद पडू देतात तरी कसे?

प्रश्न चांगला आहे. आज त्याच्यावरच बोलू या.

आधी आपल्याकडचं बघू. आपल्या राज्यघटनेप्रमाणे संसदेच्या मंजुरीशिवाय सरकारला तिजोरीतून पैसा काढता येत नाही. खर्चाची मागणी लोकसभेने फेटाळली, तर सरकारवरचा विश्वास उडाला असं मानतात आणि मंत्रिमंडळाला जावं लागतं. अर्थसंकल्प वेळेत मंजूर होणार नसेल, तर 'लेखानुदान' घेतात, म्हणजे काही महिन्यांपुरता खर्चाचा परवाना. त्यामुळे मंत्री बदलले तरी टपाल येतं, रेल्वे धावते. सरकार पडतं, पण कचेरी चालू राहते.

अमेरिकेत उलटं आहे. तिथला राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी निवडून आलेला असतो. खर्चाचं बिल अडलं म्हणून तो जात नाही. तिथली संसद, म्हणजे काँग्रेस, तीही जात नाही. (आपला काँग्रेस पक्ष नव्हे बरं, तिकडे संसदेलाच काँग्रेस म्हणतात.) मग जातं कोण? साधा कर्मचारी. त्याला घरी बसवतात.

तिथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी खर्चाची बारा बिलं मंजूर व्हायला हवीत. बहुतेक वर्षी ती होत नाहीत. मग मागचाच खर्च पुढे चालू ठेवणारं एक तात्पुरतं बिल आणतात. तेही अडलं, की शटडाऊन. १९८० पूर्वी असं झालं तरी कचेऱ्या काटकसर करून चालूच राहायच्या. त्या वर्षी तिथल्या ॲटर्नी जनरलनी, बेंजामिन सिव्हिलेटी यांनी, जुन्या कायद्याचा अर्थ सांगितला की मंजुरी नसेल तर काम थांबलंच पाहिजे. जीव आणि मालमत्ता यांच्या रक्षणाची कामं तेवढी अपवाद. तेव्हापासून ही टांगती तलवार आली.

आता कोणी म्हणेल, हा संपच झाला की! नाही मैत्रिणींनो, इथे फरक आहे. आपल्या अंगणवाडी ताई संपावर जातात, तेव्हा त्या स्वतःच्या मानधनासाठी स्वतः काम थांबवतात. एसटीचा संप झाला, २०२१ पासून २०२२ पर्यंत चालला, आपले हाल झाले. पण मागणी त्या कर्मचाऱ्यांची होती आणि झळही त्यांनी सोसली. शटडाऊनमध्ये भांडण दोन पक्षांचं असतं आणि पगार तिसऱ्याचा थांबतो. काहींना बिनपगारी घरी बसवतात. विमानतळावर सामान तपासणारी, विमानं उतरवणारी माणसं 'अत्यावश्यक' ठरतात, म्हणून त्यांना बिनपगारी कामावर यावं लागतं. खासदारांचा पगार मात्र चालू राहतो. आपल्याकडे म्हणतात ना, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. तसलाच प्रकार.

शटडाऊन संपल्यावर थकलेला पगार मिळतो, २०१९ साली तसा कायदाच झाला. पण तो कायम नोकरांना. सरकारी इमारतीत ठेकेदाराकडून झाडलोट करायला येणारी बाई, कँटीनमध्ये वाढणारी बाई, दारावरचा राखणदार, यांचा बुडालेला रोज त्या कायद्याने भरून मिळत नाही.

हे सगळं खरं असेल, तर शटडाऊन कधीच करू नये असं म्हणून मोकळं व्हावं का? इतकं सोपं नाही ते. दुसरी बाजूही ऐकू या.

मार्च २०२५ मध्ये रिपब्लिकन पक्षाने सप्टेंबरअखेरपर्यंतच्या खर्चाचं बिल आणलं. संरक्षणाचा खर्च सुमारे ६०० कोटी डॉलर वाढवलेला, बाकीचा सुमारे १,३०० कोटी डॉलर कमी केलेला. विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाला ते साफ नामंजूर होतं. सेनेट या वरच्या सभागृहात १०० सदस्य, आणि असं बिल पुढे न्यायला ६० मतं लागतात. रिपब्लिकन ५३. म्हणजे डेमोक्रॅट अडवू शकत होते. अडवलं असतं तर शटडाऊन झाला असता.

सेनेटमधले त्यांचे नेते चक शूमर यांनी ठरवलं, बिल वाईट आहे, पण शटडाऊन त्याहून वाईट. त्यांचं कारण ऐकण्यासारखं होतं. शटडाऊनमध्ये कुठलं काम अत्यावश्यक आणि कुठलं नाही हे ठरवणार सरकारच. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प आणि त्यांचे तेव्हाचे सहकारी इलॉन मस्क त्या वेळी आधीच नोकरकपात करत सुटले होते. त्यांच्या हाती आपणच कुलूप-किल्ली द्यायची? विरोधी बाकांवरच्या दहा जणांनी बिल पुढे जायला मत दिलं आणि सरकार चालू राहिलं.

त्यांच्याच पक्षातले लोक संतापले. त्यांचं म्हणणं असं: अल्पमतातल्या पक्षाच्या हातात हे एकच हत्यार आहे. ते तुम्ही न वापरताच ठेवून दिलंत, तर उद्या समोरचा याहून वाईट बिल आणेल. गरिबाचे हाल होतील म्हणून दर वेळी तुम्हीच नमायचं, आणि ज्याला त्या हालांचं काही वाटत नाही त्याने दर वेळी जिंकायचं, हा कुठला न्याय?

मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपण बायकांनी तो घरात अनुभवलेला असतो. मुलं उपाशी राहतील या धाकाने कोण आधी तडजोड करतं? जिला मुलांची काळजी आहे ती. आणि तिची तडजोड लोक कमजोरी म्हणून मोजतात.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरला मात्र डेमोक्रॅट अडून बसले. कोट्यवधी लोकांना आरोग्य विम्याचा हप्ता परवडावा म्हणून मिळणारी वाढीव मदत वर्षअखेर संपणार होती, ती चालू ठेवा ही मागणी. मागणी रास्त होती, मोजकी होती, लोकांना समजणारी होती. शटडाऊन ४३ दिवस चालला, तोवरचा सर्वांत लांब. सरकारने मध्येच सुमारे चार हजार जणांना कामावरून काढायच्या नोटिसा दिल्या, त्या कोर्टाने अडवल्या. नोव्हेंबर उजाडला आणि रेशनची पाळी आली. तिथे गरिबांना अन्नासाठी दर महिन्याला कार्डावर पैसे मिळतात. असे तेव्हा सुमारे ४ कोटी २० लाख लोक होते. त्यांचे नोव्हेंबरचे पैसे अडकले. प्रकरण कोर्टात गेलं. लहान मुलांची काही हेड स्टार्ट केंद्रं, म्हणजे तिकडची अंगणवाडीच समजा, बंद पडली. विमानांची उड्डाणं कमी करावी लागली.

शेवटी विरोधी बाकांवरच्या आठ सेनेटरांनी बाजूने मत दिलं आणि १२ नोव्हेंबरला सरकार उघडलं. पदरात काय पडलं? नोटिसा रद्द झाल्या. रेशनच्या पैशाची सप्टेंबर २०२६ पर्यंत सोय झाली. पण मूळ मागणी? तिच्यावर डिसेंबरमध्ये सेनेटमध्ये मतदान घेऊ, एवढं आश्वासन. मतदान झालं, ६० चा आकडा गाठला नाही, आणि वर्षाबरोबर विम्याची ती मदतही संपली.

मागचा हिशोबही मांडून बघा. १९९५-९६ मध्ये रिपब्लिकनांनी खर्चाला मोठी कात्री लावण्यासाठी क्लिंटन यांच्याशी झुंज घेतली. आधी पाच दिवस, मग २१ दिवस सरकार बंद. शेवटी बहुतेक माघार त्यांनाच घ्यावी लागली. २०१३ मध्ये ओबामांचा आरोग्य कायदा मोडायचा म्हणून १६ दिवस बंद. कायदा जिथल्या तिथे राहिला. २०१८-१९ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी ५७० कोटी डॉलर मागत अडले. ३५ दिवस बंद. सरकार उघडलं तेव्हा भिंतीसाठी काहीच मिळालं नव्हतं. पुढे फेब्रुवारीत मिळालं ते मागितल्याच्या पाव हिश्श्याहूनही थोडं कमी. मग त्यांनी आणीबाणी जाहीर करून दुसरीकडचा पैसा तिकडे वळवला, म्हणजे शटडाऊनने जे जमलं नाही ते वेगळ्या वाटेने केलं. त्या ३५ दिवसांत देशाचं कायमचं नुकसान सुमारे ३०० कोटी डॉलरचं झालं, असा काँग्रेसच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा हिशोब होता.

पक्ष कुठलाही असो, मागणी चांगली असो की वाईट, सरकार बंद पाडून मोठी मागणी मान्य करून घेतली असं या चार वेळांत कोणालाही जमलेलं नाही.

असं का होतं? मला वाटतं, या हत्याराचा धाक ज्याला बंद सरकार बोचतं त्यालाच असतो. ज्याला सरकार लहानच हवं आहे, त्याला कचेरीला कुलूप लागल्याचं फारसं दुःख नसतं. आणि ज्याला रेशन, दवाखाना, अंगणवाडी चालू राहायला हवी आहे, त्याच्या हातात हे हत्यार आलं की त्याचं पातं स्वतःकडेच वळतं.

एका बाळावर दोघी जणी हक्क सांगतात ती गोष्ट तुम्हाला माहीत आहे. न्याय करणारा म्हणतो, ओढा दोन्हीकडून, जिच्याकडे बाळ जाईल ती आई. खरी आई हात सोडते. गोष्टीत न्याय मिळतो, कारण हात कोणी सोडला आणि का सोडला हे बघणारा शहाणा माणूस तिथे बसलेला असतो. राजकारणात तो बघणारा म्हणजे मतदार. तो लक्ष ठेवतो का? कधी ठेवतो, कधी नाही. १९९६ मध्ये क्लिंटन पुन्हा निवडून आले. पण २०१३ मध्ये सरकार बंद पाडणाऱ्या रिपब्लिकनांनी पुढच्याच वर्षी सेनेट जिंकली. वर्षभरात लोक विसरले.

मग नको असलेलं बिल समोर आलं तर काय करावं? मला विचाराल तर आधी तीन प्रश्न. पहिला, आपल्याला नेमकं काय हवंय ते एका ओळीत सांगता येतं का? दुसरा, बंदचा चटका बिल आणणाऱ्याला बसेल, की ज्यांच्यासाठी भांडतोय त्यांनाच? तिसरा, मागणी मान्य नाही झाली तर परत कसं यायचं, हे ठरलंय का? ऑक्टोबरमध्ये पहिल्या प्रश्नाचं उत्तर पक्कं होतं. दुसऱ्याचं नव्हतं, आणि तिसऱ्याचं तर मुळीच नव्हतं. म्हणून मला मार्चचा निर्णय कडू पण बरोबर वाटतो. मत विरोधात द्यावं, ठासून बोलावं, कोर्टात जावं, गावोगाव जाऊन सांगावं, निवडणुकीत हिशोब मागावा. हात सोडला म्हणजे हक्क सोडला असं नव्हे.

खरा इलाज मात्र नियम बदलण्यात आहे. अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्यात नवा अर्थसंकल्प अडला तर जुन्या मंजुरीवर खर्च चालू राहतो, कुलूप लागत नाही. सगळ्या देशासाठी असा नियम करावा, असे प्रस्ताव काँग्रेसमध्ये अनेकदा आले. त्यात धोकाही आहे: जुनंच चालू राहणार म्हटल्यावर नवीन मंजूर करायची घाई कोणाला? तरीही, भांडण वर्षभर चाललं तरी चालेल, पण पोराचं दूध अडता कामा नये, असं मला वाटतं.

आणि आपल्याकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. आपल्याकडे सरकार बंद पडत नाही, पण चर्चा बंद पडते. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये गोंधळ चालू असताना लाखो कोटी रुपयांचा अर्थसंकल्प लोकसभेने चर्चेविना मंजूर केला. चर्चा न झालेल्या मागण्या एकदम मताला टाकायच्या, याला 'गिलोटिन' म्हणतात. तिकडे भांडणापायी पगार थांबतो. इकडे पगार चालू राहतो, पण तुमच्या-माझ्या पैशावर कोणी प्रश्नच विचारत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या ग्रामसभेत खर्चाचा कागद वाचला जाईल, तेव्हा मागे बसून मान हलवू नका. कुठली रक्कम पटत नाही, का पटत नाही, ते विचारा आणि तुमचा विरोध इतिवृत्तात लिहून घ्या. नळाला पाणी चालू ठेवूनही नाही म्हणता येतं.