पीसीओएस : लग्नाआधी, बाळंतपणी आणि त्यानंतर

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत स्त्रीरोग विभागाच्या वतीने केलेले भाषण)



या सभेत दरवर्षी बाळंतपणे किती झाली, शस्त्रक्रिया किती झाल्या, याचा हिशेब आपल्यापुढे ठेवला जातो. तो तसा ठेवलाही पाहिजे, कारण आपल्या देणगीचे काय झाले हे कळण्याचा आपणांस अधिकार आहे. मात्र आज मी ज्या विकाराविषयी बोलणार आहे, तो त्या तक्त्यात कोठेच सापडणार नाही. या विकाराचा रुग्ण खाटेवर दाखल होत नाही, त्याची शस्त्रक्रिया क्वचितच होते आणि त्याने मृत्यू आला असे कोणी लिहीत नाही. तरीही बाह्यरुग्ण विभागात माझा बराच वेळ त्यातच जातो. त्याचे नाव पीसीओएस. आपल्याकडे पुष्कळ जण त्याला पीसीओडी म्हणतात.

एका मुलीपासून सुरुवात करते. तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय १९, महाविद्यालयात शिकणारी, अंगाने सडपातळ. चार महिने पाळी आली नाही म्हणून आई तिला घेऊन आली होती. बाहेर केलेल्या सोनोग्राफीचा कागद आईच्या हातात होता आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या बीजकोशांत अनेक ‘सिस्ट’ असल्याचे लिहिले होते. आईचा पहिला प्रश्न होता, “डॉक्टरबाई, गाठी म्हंजे कॅन्सर तर न्हवं?” तो नाही, असे सांगितल्यावर आवाज उतरवून दुसरा प्रश्न आला, “पोरीला बघायला पावणं येणार हाईत. हे कागदावर लिवायलाच पायजे काय?” या सबंध वेळात मुलगी खाली मान घालून बसली होती. आईला बाहेर बसवल्यावर ती प्रथमच बोलली. तिला ना कॅन्सरची भीती होती, ना पाहुण्यांची. हनुवटीवर येणारे केस ती रोज पहाटे घरातले उठण्याआधी उपटत असे आणि एस.टी.त खिडकीकडे तोंड करून बसत असे. हे तिने दोन वर्षांत कोणालाही सांगितले नव्हते.

प्रथम त्या गाठींविषयी. या विकाराच्या नावानेच निम्मा घोटाळा केला आहे. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नव्हेत. स्त्रीबीज ज्या इवल्या पिशवीत वाढते, ती पुटिका. दर महिन्यास काही पुटिका वाढू लागतात, त्यांतील एक पूर्ण पक्व होते आणि स्त्रीबीज बाहेर पडते. पीसीओएसमध्ये पुष्कळ पुटिका वाढू लागतात आणि मध्येच थांबतात. वाफ्यात भाताची रोपे दाटीने उगवावीत आणि रोपलावण मात्र होऊच नये, तसे हे आहे. स्त्रीबीज बाहेर पडले नाही की पाळीचे चक्र अडते. त्या पुटिका काढून टाकण्यासारख्या नसतात आणि त्यांपासून कर्करोगही होत नाही.

त्या मध्येच का थांबतात, याचे उत्तर बीजकोशापुरते नाही. अनेक रुग्णांत शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही, म्हणून ते अधिक प्रमाणात तयार होते. हे जादा इन्सुलिन आणि मेंदूतील पीयूष ग्रंथीचे संदेश मिळून बीजकोशाला पुरुषी संप्रेरके अधिक बनविण्यास भाग पाडतात. ही संप्रेरके प्रत्येक स्त्रीच्या शरीरात थोडी असतातच, येथे ती वाढतात. हनुवटीवरचे केस, न जाणारी मुरुमे, डोक्यावरचे विरळ होणारे केस, मानेवर येणारी काळसर, मखमली त्वचा आणि लांबलेली पाळी या सर्वांचे मूळ या एकाच गुंत्यात आहे. यात आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे. मुलीने काही चुकीचे खाल्ले किंवा मोबाईल पाहिला म्हणून हे झाले, असे तिला ऐकवू नये.

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, तेव्हापासून या विकाराची स्वतंत्र ओळख झाली. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयाच्या दर शंभर स्त्रियांत १० ते १३ जणींना तो असतो आणि त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना त्याचा पत्ताही नसतो. आपल्या जवळचे उदाहरण मुंबईचे आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील संशोधकांनी १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी केली. ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. रॉटरडॅम येथे २००३ मध्ये ठरलेले निकष लावले तेव्हा २२.५ टक्के मुलींत हा विकार आढळला. अधिक काटेकोर निकष लावले तेव्हा १०.७ टक्के. मोजपट्टी बदलली की संख्या दुप्पट होते, हे या विकाराच्या आकड्यांबाबत नेहमीच ध्यानात ठेवावे लागते. मला त्या पाहणीतील दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. पहिल्या निकषांनुसार ज्यांना विकार होता, त्यांतील सुमारे ७२ टक्के मुली लठ्ठ नव्हत्या.

“आमची पोरगी कुठं जाड हाय?” हे वाक्य मी नेहमी ऐकते. त्याचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःचेच उदाहरण देऊन जगाला दाखविले आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. आपल्या लोकांचे हातपाय बारीक आणि चरबी पोटात दडलेली असते. म्हणून केवळ काट्यावरच्या आकड्याने मुलीला निरोगी ठरविता येत नाही.

आता निदान. पाळी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी ती अनियमित असणे स्वाभाविक आहे. त्यानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत दोन पाळ्यांत ४५ दिवसांहून आणि पुढे ३५ दिवसांहून अधिक अंतर वारंवार पडत असेल, तर तपासणी करावी. पहिले वर्ष सरल्यावर एकदाही ९० दिवसांपेक्षा अधिक खंड पडला तर वाट पाहू नये. तरुण मुलींत पाळी आल्यापासून आठ वर्षांपर्यंत केवळ सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, कारण त्या वयात निरोगी बीजकोशही तसाच दिसतो. त्या मुलीच्या आईने सोनोग्राफीवर केलेला खर्च वाया गेला असे मी त्यांना म्हटले नाही, पण येथे बोलून दाखविते. रक्तदाब, कमरेचा घेर, थायरॉईड व प्रोलॅक्टिनची तपासणी आणि ग्लुकोज पिऊन केलेली साखरेची चाचणी यांतून अधिक कळते.

उपचार कोणता, हे स्त्रीला आज काय हवे आहे यावर ठरते. सर्वांना एकच गोळी, असा प्रकार नाही.

आहार-व्यायामाचे नाव काढले की ऐकणारा मनातून उठून जातो, हे मला माहीत आहे. म्हणून थोडक्यात सांगते. कोणताही एक विशिष्ट आहार दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ ठरलेला नाही. भाकरी, आमटी, पालेभाजी, उसळ हे आपले जेवण उत्तमच आहे. भाताचा ढीग आणि दिवसातून पाच-सहा वेळचा गोड चहा कमी करावा. वजन जास्त असेल तर ते ५ ते १० टक्के उतरले तरी पुष्कळदा पाळी सुधारते. शेतात राबणाऱ्या बाईला मी फिरायला जा म्हणत नाही. कॉलेज आणि घर यांपलीकडे न हलणाऱ्या तिच्या मुलीला मात्र म्हणते.

मूल तूर्त नको आणि पाळी नियमित हवी, तेव्हा गर्भनिरोधक गोळ्यांचा उपयोग होतो. अविवाहित मुलीला या गोळ्या दिल्या की घरात वादळ उठते. येथे त्या गर्भनिरोधासाठी नसतात, पुरुषी संप्रेरकांवर लगाम म्हणून असतात आणि त्यांमुळे पुढे मूल होत नाही हा समज खोटा आहे. अर्धशिशीचे काही प्रकार, उच्च रक्तदाब, पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असणे, अशा वेळी त्या चालत नाहीत, म्हणून मेडिकल दुकानातून परस्पर घेऊ नयेत. तंबाखूची, मिश्रीची सवय असेल तर तीही डॉक्टरांपासून लपवू नये. ज्यांना या गोळ्या नकोत त्यांनाही काही महिन्यांच्या अंतराने दुसरे औषध देऊन पाळी आणावी लागते. वर्षात किमान चार वेळा पाळी आली पाहिजे, कारण गर्भाशयाचे अस्तर दीर्घकाळ साचत राहिले तर पुढे त्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हा धोका एकूणात लहान आहे, पण टाळता येण्यासारखा आहे.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची जुनी, स्वस्त गोळी. ती दिली म्हणजे मधुमेह झाला असे नव्हे. जेवणाबरोबर, थोड्या मात्रेने सुरू केली की पोट कमी बिघडते. केसांवर औषधाचा परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतात आणि आधीचे जाड केस लेसरने किंवा दोऱ्यानेच काढावे लागतात. हे आधी सांगितले नाही, तर मुली दुसऱ्या महिन्यात औषध सोडतात.

मूल हवे असेल तेव्हाची कथा निराळी. येथे आज पहिल्या पसंतीचे औषध लेट्रोझोल आहे. अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले. क्लोमिफीन या जुन्या औषधाने ते प्रमाण १९.१ टक्के होते. आपल्या देशात मात्र ऑक्टोबर २०११ मध्ये वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरण्यावर बंदी आली होती. ती २०१७ मध्ये उठली. आजही एखादा नवरा मोबाईलवर औषधाचे नाव शोधतो, ‘स्तनाच्या कर्करोगावरील औषध’ असे वाचतो आणि घाबरून परत येतो. त्याचे चुकत नाही. ते त्याही रोगावर देतात. येथे ते केवळ पाच दिवस, स्त्रीबीज पक्व व्हावे म्हणून देतात. याने न साधल्यास इंजेक्शने, दुर्बिणीतून बीजकोशावर छोटी शस्त्रक्रिया, आणि अखेरीस टेस्ट ट्यूब बेबी असा क्रम आहे. पहिल्याच भेटीत शेवटची पायरी दाखविली जात असेल तर दुसरे मत घ्यावे आणि ते केंद्र २०२१ च्या कायद्याखाली नोंदलेले आहे काय हे विचारावे.

पीसीओएस असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना मूल होते. काहींना मदतीने, काहींना मदतीशिवाय. हे मी येथे मुद्दाम मोठ्याने सांगते, कारण ‘हिला मूल होणार नाही’ हे वाक्य गावात डॉक्टरच्या आधी पोहोचते.

मुलीचे स्थळ आणि तो कागद यांविषयी माझे मत विचाराल तर, ही माहिती मुलीची आहे. केव्हा व कोणाला सांगावी हे तिने ठरवावे. आम्ही ती तिच्या सासरच्याच काय, माहेरच्या चुलत्यालाही तिच्या परवानगीवाचून सांगणार नाही. ‘लग्न करून टाका, आपोआप ठीक होईल’ हा सल्ला मात्र मी कधीच देत नाही. लग्न हे औषध नव्हे. त्या सल्ल्यामुळे मुलीवर वर्षाच्या आत मूल देण्याचे ओझे येते, एवढेच होते.

मला सर्वांत जास्त चिंता वाटते ती मूल झाल्यानंतरची. गरोदरपणात साखर व रक्तदाब वाढण्याचा धोका अधिक म्हणून आम्ही जपतो. मग बारसे होते आणि ती स्त्री आमच्या नजरेआड जाते. घराच्या दृष्टीने तिचा आजार संपलेला असतो. पण इन्सुलिनचा गुंता तसाच असतो. पस्तिशी-चाळिशीत ती परत येते ती मधुमेह घेऊन. एक ते तीन वर्षांतून एकदा साखर तपासली असती, रक्तदाब पाहिला असता, तर तो लवकर कळला असता, काहींच्या बाबतीत टळलाही असता. मनाचेही तसेच आहे. उदासी आणि चिंता या रुग्णांत अधिक आढळतात, आणि ते विचारायला पाच मिनिटांची सवड लागते.

गारगोटीत मौनी विद्यापीठ उभारणाऱ्या डॉ. जे. पी. नाईक यांचे नाव आपण शिक्षणासाठी घेतो. ‘सर्वांसाठी आरोग्य’ या विषयावर १९८१ साली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी जो अहवाल काढला, त्याच्या घडणीतही त्यांचा मोठा वाटा होता, हे कमी जणांना ठाऊक आहे. शहरातील मोठ्या रुग्णालयांकडे झुकलेली व्यवस्था लोकांच्या जवळ आणावी, असा त्याचा रोख होता. पीसीओएसला लागते ते हेच आहे. त्यासाठी मला नवे यंत्र नको. रुग्णांची एक नोंदवही, पुढच्या तपासणीच्या तारखा, त्या तारखेला फोन करणारी एक परिचारिका, आणि साखरेच्या चाचणीची सवलत, एवढे या वर्षी मिळावे.

आणखी एक मागणी आहे. आपला वजनकाटा बाह्यरुग्ण विभागाच्या व्हरांड्यात, बाकांच्या समोर आहे. परिचारिका आकडा मोठ्याने सांगते आणि नोंद करणारी तो लिहिते. त्या १९ वर्षांच्या मुलीने दुसऱ्या भेटीत वजन करू दिले नाही. का, ते तिला विचारावे लागले नाही. तो काटा आत, दार असलेल्या खोलीत हलवावा, अशी विनंती मी विश्वस्त मंडळास करते.