रफूवाला, कोळशाची वखार आणि २० चौरस मीटर

(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)



विकास नियंत्रण नियमावलीसारख्या रुक्ष विषयाला सभागृह भरलेले पाहून बरे वाटले. निम्म्या मंडळींच्या सोसायटीचा पुनर्विकास चालू असणार, हे मी ओळखले. (हशा)

सुरुवातीला एक यादी वाचतो. १९९१ च्या मुंबईच्या नियमावलीत ‘सोयीच्या दुकानां’ची व्याख्या होती. रोजच्या गरजेची, साधारणपणे प्रत्येकी २० चौरस मीटर चटई क्षेत्रापर्यंतची दुकाने. २० चौरस मीटर म्हणजे सव्वादोनशे चौरस फुटांच्या आतला एक गाळा. त्यात कोण कोण? पानवाला, शिंपी, रफूवाला, केशकर्तनालय, सायकल भाड्याने देणारा आणि पंक्चर काढणारा, भाजीवाला, दूधवाला, फुलवाला, बांगड्यांचे दुकान, वर्तमानपत्रांचा स्टॉल, वर्गणीचे वाचनालय. किराणा, दवाखाना आणि खानावळ यांना ५० चौरस मीटरपर्यंत मुभा. लाकूड-कोळशाच्या वखारीला ३०. आणि तळाकडे व्हिडिओ लायब्ररी!

सरकारी भाषेत लिहिलेले हे गल्लीचे व्यक्तिचित्रच आहे. या सगळ्या दुकानांत समान काय? घरच्या कपड्यांवर, पायात सपाता अडकवून तिथे जाता येते. फोडणीला टाकायला मोहरी नाही, तर पोराला पिटाळले की गॅस बंद करण्याआधी तो परत येतो. सोयीच्या दुकानाची याहून चांगली व्याख्या मला सुचत नाही.

ही दुकाने मुळात नियमात आणावी तरी का लागली? पुण्याच्या पेठांत वाड्याच्या दर्शनी भागात दुकान आणि मागे बिऱ्हाडे, हे चालतच आले होते. पण विसाव्या शतकातल्या नगररचनेने शहराचे रंगांनुसार भाग पाडले. घरांचा एक रंग, बाजाराचा दुसरा, कारखान्यांचा तिसरा. कारखान्याचा धूर घरापासून लांब ठेवणे योग्यच होते. मात्र त्याच फटक्यात शिंपीही ‘व्यापारी वापर’ ठरला. मग त्याला पुन्हा आत घ्यायला पळवाटा काढाव्या लागल्या. मुंबईच्या त्याच नियमावलीत निव्वळ निवासी विभाग म्हणजे आर-१, आणि दुकान-रेषेसह निवासी विभाग म्हणजे आर-२, अशी वाटणी होती. सोयीच्या दुकानांची यादी ही अशीच एक पळवाट, चांगल्या अर्थाने.

पण यादीचा एक दोष असतो. ती लिहिली त्या दिवसापासून म्हातारी व्हायला लागते. वखार गेली, व्हिडिओ लायब्ररी गेली, भाड्याच्या सायकली गेल्या. दिल्लीच्या २००७ च्या बृहत् आराखड्यात घराखालच्या २० चौरस मीटरच्या दुकानांची अशीच यादी आहे, आणि तिच्यात एसटीडी-पीसीओ बूथ आहे! (हशा)

दिल्लीचे नाव निघालेच आहे, तर एक सांगतो. नियम कागदावर ठेवून शहर आपल्या वाटेने चालू दिले, की काय होते ते तिथे दिसले. निवासी भागांत वर्षानुवर्षे दुकाने निघत गेली आणि यंत्रणेने डोळे मिटले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दुकानांना टाळे लागू लागले. मोठ्या शोरूमबरोबर छोटे दुकानदारही धास्तावले, बंद पाळले गेले, सीलमपूरच्या आंदोलनात माणसे दगावली. याच धामधुमीत मिश्र वापराचे रस्ते अधिसूचित झाले. जे शांतपणे आधी करता आले असते, ते टाळे लागल्यावर झाले.

मग यादी नको तर काय हवे? माझे म्हणणे एवढेच आहे : दुकानाचे नाव विचारू नका, त्याचा उपद्रव मोजा.

जपानचे उदाहरण घ्या. तिथे यादी आहेच, पण तिला मापाचे कुंपण आहे. सर्वांत कडक निवासी विभागातसुद्धा घराला जोडून दुकान काढता येते. दुकानाचा भाग ५० चौरस मीटरपर्यंत, आणि घराच्या एकूण क्षेत्राच्या निम्म्याहून कमी. त्याच्या वरच्या पायरीवरच्या विभागात १५० चौरस मीटरपर्यंत. मला सर्वांत आवडते ते पुढचे. या कडक विभागात पाव किंवा टोफू बनवणारा बसू शकतो, पण त्याच्या मोटरींची एकूण शक्ती ०.७५ किलोवॉटपर्यंतच हवी. म्हणजे सुमारे एक अश्वशक्ती. टोफूला कुणाचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो पहाटेच्या घरघरीला, म्हणून तिलाच मोजले.

आपल्याकडे काय मोजतात? मुंबई आणि आणखी काही क्षेत्रे वगळता राज्यभर लागू असलेल्या २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीत आर-१ की आर-२ हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. दाट वस्तीत ९ मीटर, बाहेर साधारणपणे १२ मीटर ही सीमारेषा. त्याखाली मुभा आखूड होते. मोठ्या दुकानासाठी हे माप रास्त आहे. गिऱ्हाईक गाडीने येणार, टेम्पो उभा राहणार. पण रफूवाल्याचे गिऱ्हाईक पायी येते. त्याला रस्त्याच्या रुंदीचे माप कशाला? शिवाय रुंद रस्त्यावरच्या गाळ्याचे भाडे त्याला परवडत नाही. तिथे मोबाइलची शोरूम येते.

आता पहिल्या मजल्यावर राहणाऱ्यांचीही बाजू ऐकू या. खालच्या खानावळीचा धूर त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांत शिरतो. रात्री साडेअकराला शटर ओढल्याचा आवाज त्यांनाच येतो. त्यांची तक्रार खरी आहे, आणि मापाने तीच सुटते. क्षेत्र किती, यंत्राची शक्ती किती, बंद व्हायची वेळ कोणती, धुराडे कुठवर न्यायचे, माल उतरवणार कधी. दहा मिनिटांत घरपोच सामान देणारे गोदाम नावाने ‘किराणा’च असते. पण क्षेत्र मोजा, दाराशी ताटकळणाऱ्या दुचाकी मोजा, की ते आपोआप वेगळ्या रांगेत जाते. आणि मोबाइल दुरुस्त करणारा, पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या ताई, हे यादीत नसूनही आत येतात.

एक माप मी स्वतःहून जोडीन. गाळ्याचे तोंड गल्लीकडे असावे. पुनर्विकास झालेल्या गल्लीतून संध्याकाळी चालून पाहा. दोन्हीकडे आवारभिंती, आत खांबांवर उभ्या इमारती, खाली गाड्या, फाटकापाशी एक रखवालदार. विचारायला माणूस नाही, पत्ता सांगायला दुकान नाही.

म्हणून तुमच्या सोसायटीत वास्तुविशारद नकाशे घेऊन येईल, तेव्हा आपल्या खोलीचे फूट मोजून झाले की तळमजल्याचा कागदही उलगडा. जुन्या इमारतीच्या जिन्याखाली एक शिंपी बसतो. त्याची जागा ४ चौरस मीटर भरणार नाही. त्याचे नाव करारनाम्यात नाही, सभासदांच्या यादीत नाही, मंजूर नकाशात तर कधीच नव्हते. तो कुठे बसणार, एवढा एक प्रश्न सभेत विचारा. इतिवृत्तात नोंदवून घ्या.