छायाचित्रकाराचा संकोच
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला उपनगरातील पक्ष्यांविषयी बोलण्याची आज्ञा केली होती. परंतु पक्ष्यांची माहिती देणारी पुस्तके पुष्कळ आहेत. ती पुस्तके ज्या अडचणीविषयी मौन पाळतात, तिच्याविषयीच आज दोन शब्द बोलावे असे मी ठरविले आहे. ती अडचण म्हणजे, मोठा कॅमेरा घेऊन चारचौघांत उभे राहण्याचा संकोच.

विषय क्षुल्लक वाटेल. पण मुलुंडच्या आपल्या एका कुटुंबातील मुलीने गेले आठ महिने आपला कॅमेरा कपाटात ठेवून दिला आहे. वडिलांनी हौसेने घेऊन दिलेला, चांगल्या किमतीचा. हात उत्तम, नजर त्याहून उत्तम. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, मी पक्ष्याकडे बघायला लागले की सगळे माझ्याकडे बघायला लागतात."

कान्ह्याच्या किंवा ताडोबाच्या जंगलात ही पीडा नाही. तेथे जीपमधील प्रत्येकाच्या हाती कॅमेरा असतो. आपल्या उपनगरांची गोष्ट निराळी आहे. येथे रान आणि बिऱ्हाड एकमेकांना खेटून आहेत. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान एका अंगाला बोरिवलीस, तर दुसऱ्या अंगाला मुलुंड-भांडुपास भिडले आहे, आणि पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. त्यामुळे राखी धनेश येतो तो सोसायटीच्या आवारातील उंबरावर, हरियालांचा थवा उतरतो तो बसथांब्यामागच्या पिंपळावर, आणि शिक्रा बसतो तो पाण्याच्या टाकीवर. छायाचित्रकाराने भिंग रोखावे ते अर्थातच त्या दिशेला. रस्त्याने जाणाऱ्यास धनेश दिसतच नाही. त्यास दिसते ते एवढेच की, एक अनोळखी इसम हातभर लांबीचे नळकांडे चौथ्या मजल्याकडे रोखून उभा आहे. रखवालदार हटकतो, गॅलरीतल्या बाई पडदा ओढून घेतात, कोपऱ्यावरची पोरे हसतात. यात त्यांचे काय चुकले?

मी जन्मभर शाळामास्तर. वर्गात पन्नास जोडी डोळे माझ्यावर खिळलेले असत, त्याचा संकोच कधी वाटला नाही. कारण मी तेथे का उभा आहे, हे त्या पन्नासांनाही ठाऊक होते. तोच मी पिंपळाखाली मान वर करून उभा राहिलो की कानशिले तापतात. फरक डोळ्यांच्या संख्येत नाही. आपल्या उभे राहण्याचे कारण बघणाऱ्याला ठाऊक नसले की मनुष्य ओशाळतो, असे मला वाटते.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात यासंबंधी एक गमतीचा प्रयोग झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्यास एका गायकाचे चित्र असलेला, त्याला स्वतःला लाज वाटेल असा सदरा घालून इतरांच्या खोलीत धाडण्यात आले. त्याला वाटले, निम्म्या लोकांनी तरी तो पाहिला असेल. प्रत्यक्षात चौथ्या हिश्श्याच्याच ध्यानात तो आला होता. लोक आपल्याकडे बघतात असे आपल्याला वाटते त्याहून ते कमी बघतात, असा त्याचा अर्थ. अर्थात सदऱ्यावरचे चित्र आणि हातभर भिंग यांत अंतर आहे, भिंग दिसतेच. म्हणून या प्रयोगाचा आधार मी अर्धाच घेतो.

उरलेले अर्धे काम तोंडाने करावयाचे. सलीम अली यांनी १९३० साली किहीम येथे सुगरणींचा अभ्यास केला तो आडोशात तासन् तास बसून. पक्ष्यांपासून दडणे हा या विद्येचा पहिला पाठच आहे. उपनगरात मात्र माणसांपासून दडू लागलात की संशय दुणावलाच म्हणून समजा. तेव्हा तेथे उलट वागावे. कॅमेरा पिशवीतून काढण्यापूर्वीच रखवालदाराकडे जावे, "दादा, त्या उंबरावर धनेश आलाय, त्याचा फोटो काढतो," असे सांगावे, आणि काढलेले चित्र कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याला दाखवावे. कुणी "आमच्या खिडकीचा काढलात का?" असे विचारल्यास रागावू नये. ६०० मिलिमीटरच्या भिंगातून तीस मीटरवरच्या फांदीचा जेमतेम पावणेदोन मीटर रुंदीचा तुकडा चित्रात येतो, मागची भिंत धुक्यासारखी पुसट होते. हे त्याच्याच डोळ्याला भिंग लावून दाखविता येते. पक्ष्याचे मराठी नाव ठाऊक असले तर फारच उत्तम. दिवंगत मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांची मराठी नावे जमविण्यात आयुष्य वेचले. त्यांचा 'पक्षिकोश' ज्याने चाळला, त्याला पिंपळाखाली परक्यासारखे वाटण्याचे कारण उरत नाही.

तथापि, सगळाच संकोच टाकून द्यावा असे मी म्हणणार नाही. पाड्यावर नळाशी बायका पाणी भरीत असतील, ओटीवर कुणी न्हात असेल, तर मागच्या झाडावर प्रत्यक्ष स्वर्गीय नर्तक बसला असला तरी कॅमेरा खाली गेला पाहिजे. तेथे वाटणारा संकोच ही आपली सभ्यता आहे. घरट्यालाही हाच न्याय. पिल्ले असलेल्या घरट्यापुढे तिपाई मांडून बसणारा आपल्या धीटपणाची बढाई मारतो, पण आईबाप पक्षी घास चोचीत धरून दूरच्या फांदीवर ताटकळत असतात.

आरे वसाहतीतील वारली वस्तीच्या बोळातून रात्री जाणारा बिबट्या नयन खानोलकर यांनी टिपला. त्या चित्रास २०१६ साली 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' या जागतिक स्पर्धेत नागरी विभागाचे पारितोषिक मिळाले. त्यासाठी त्यांना चार महिने लागले. दिवे बोळातल्या नेहमीच्या उजेडासारखेच दिसावेत अशी त्यांनी योजना केली होती. लोकांच्या दारात चार महिने कॅमेरा राहतो, तो त्या लोकांनी राहू दिला म्हणूनच, असे माझे मत आहे. वारल्यांना वाघोबा नवा नव्हता. नवा होता तो कॅमेरा.

आता पुन्हा त्या मुलीकडे वळतो. मी सांगितलेला उपाय माझ्यासारख्या पिकल्या केसांच्या माणसास पुरतो. सकाळी सहा वाजता एकट्या उभ्या असलेल्या मुलीकडे बघणारे सगळेच कुतूहलाने बघत नाहीत, आणि तिने प्रत्येकाशी जाऊन बोलावे असे सांगणे शहाणपणाचे नाही. हा भार तिच्या एकटीच्या धिटाईवर टाकणे मला मान्य नाही. 'लोक काय म्हणतील' म्हणून मुलींनी गाणे, पोहणे, सायकल सोडल्याची उदाहरणे आपल्या ज्ञातीत थोडीथोडकी नाहीत. त्या यादीत कॅमेऱ्याची भर नको. चौघे बरोबर असले की बघणाऱ्यांना कारण आपोआप कळते.

म्हणून कार्यकारिणीच्या संमतीने सुचवितो की, येत्या नोव्हेंबरपासून, खाडीवर रोहित पक्षी उतरू लागले म्हणजे, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मंडळातील मुलेमुली, आईवडील आणि आम्ही म्हातारे मिळून बाहेर पडावे. कॅमेरा नसेल त्याने दुर्बीण आणावी, तीही नसेल त्याने चहाचा थर्मास आणावा. जेथे प्रवेशाची परवानगी लागते तेथील अर्ज मी करीन. नावे मंडळाच्या वाचनालयात वहीत लिहावीत. पहिले नाव त्या मुलीचे आहे. तिने ते काल संध्याकाळी स्वतःच्या हाताने लिहिले.